गुणमाला सिस्टरचा शब्द

फौंड्रीच्या गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला सायकल स्टँड होता आणि त्याला लागून पत्र्याच्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत गुणमाला बिरनाळे बसायच्या. बाहेर 'वैद्यकीय कक्ष' अशी पाटी होती, पण ते शब्द कधी कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. "सिस्टरकडं जाऊन येतो," असंच सगळे म्हणायचे. डोळ्यात लोखंडाचा कण गेला, तापलेल्या रसाचा थेंब बुटात उतरला, हात कापला, घरात भांडण होऊन माणूस उपाशीपोटी कामावर आला आणि चक्कर येऊन पडला, की सिस्टर.

गुणमालाबाई मूळच्या समडोळीच्या. मिरजेत नर्सिंग शिकल्या आणि तिथंच एका दवाखान्यात लागल्या. लग्न धरणेंद्र बिरनाळ्यांशी झालं. ते सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडं हळदीचे सौदे बघायचे. मुलगी झाल्यावर रात्रपाळी जमेना, म्हणून बाईंनी दवाखाना सोडला आणि सांगली-मिरजेच्या मधल्या या फौंड्रीत दिवसपाळीची नोकरी धरली. अंधार पडायच्या आत घरी पोचून जेवण उरकायचं, नंतर काही खायचं नाही, हा त्यांच्या जैन घरचा नेम. तो सांभाळत सांभाळत त्यांचं अर्धं आयुष्य त्या पत्र्याच्या खोलीत गेलं.

बोलायला फटकळ. जखम धुताना कुणी विव्हळला तर म्हणायच्या, "ग्राइंडरपुढं हातमोजा काढताना कुठं गेलं होतं हे रडणं?" पण त्याच माणसाच्या घरी संध्याकाळी फोन करून ताप आलाय का ते विचारायच्या. त्यामुळं त्यांचं बोलणं कुणी मनावर घेत नसे.

फौंड्रीत दोन तऱ्हेचे कामगार होते. कायमचे आणि ठेक्यावरचे. कायमच्यांना निळा गणवेश, कँटीनमध्ये बसायला बाक, वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे. ठेक्यावरच्यांची तपासणी म्हणजे उंची, वजन आणि छातीला नळी लावून "ठीक." आणि सगळ्यात धुळीचं काम ठेक्यावरच्यांचंच. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला जळकी वाळू चिकटलेली असते, कडेला नको असलेलं लोखंड वाढलेलं असतं. ते ग्राइंडरनं घासून साफ करायचं. त्याला फेटलिंग म्हणतात. त्या शेडमध्ये दिवसा उजेडी पलीकडचा माणूस नीट दिसत नसे.

फेटलिंगला जवळजवळ सगळे आटपाडीकडचे. त्यांना आणणारा धुळा हाके. लहानपणी बापाबरोबर मेंढरं घेऊन पार कोकणाच्या तोंडापर्यंत हिंडलेला गडी. पुढं चारा संपत गेला, रानं कुंपणात गेली, मेंढरं विकावी लागली. धुळा आधी एकटा फौंड्रीत आला, मग मेव्हणा बिरदेव आला, मग वाडीतला जोतिबा, आणि असं करत आख्खी शेड त्यांची झाली. धुळानं बसा म्हटलं तर बसणार, उठा म्हटलं तर उठणार. तोंडावर गमछा बांधून काम करायचे. कंपनी कागदी मास्क द्यायची, तो घटकाभरात घामानं भिजून फाटायचा.

"बाई, ते लाल औषद द्या की," म्हणत धुळा खोलीच्या दारात उभा राहायचा. गुणमालाबाई खोकल्याचं औषध बाटलीत ओतून द्यायच्या.

"औषधानं काय होतंय? आत वाळू चाललीय तुमच्या."

"मग वाळू भाईर काढायचं औषद द्या."

असं हसण्यावारी जायचं. पण त्या गप्प बसल्या नव्हत्या. दरवर्षी त्या कार्मिक विभागाच्या लालासाहेबांकडं जायच्या आणि ठेक्यावरच्यांचा एक्स-रे काढा म्हणून सांगायच्या. लालासाहेब उंब्रजचे. थोराड अंगाचा, गोड बोलणारा माणूस. "सिस्टर, तुमचं अगदी बरोबर आहे. पण ती माणसं ठेकेदाराची. आपण त्यात शिरलो तर उद्या म्हणतील आम्ही कंपनीचेच. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी परत तेच.

आणि मग तो अहवाल आला.

शेअर बाजारात नाव असलेल्या मोठ्या कंपन्यांनी ताळेबंदाबरोबर दरवर्षी आणखी एक अहवाल द्यायचा, असा नियम झाला होता. वीज किती जाळली, पाणी किती उपसलं, धूर किती सोडला, बायका किती कामाला, पगार कसे, अपघात किती, कामामुळं आजारी किती पडले. सगळं लिहून जगापुढं मांडायचं. फौंड्रीची मूळ कंपनी पुण्याची. तिथून राजेश्वरी नावाची एक अधिकारी सगळ्या कारखान्यांची तयारी करून घ्यायला आली. साताऱ्याची मुलगी, तिशीच्या आसपासची. कामाला तळमळीची. पहिल्याच दिवशी हेल्मेट घालून भट्टीजवळ जाऊन आली, फेटलिंगच्या शेडमध्ये गेली आणि खोकत बाहेर आली.

ट्रेनिंग हॉलमध्ये बैठक झाली. चहा-बिस्किटं झाली, पडद्यावर चित्रं झाली. खातेप्रमुखांना कोणी काय माहिती द्यायची ते सांगितलं. गुणमालाबाई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, यात ठेक्यावरची माणसं धरायची का?"

"धरायची ना. त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे. अपघात, आजार, प्रशिक्षण, सगळं त्यांचंही द्यावं लागतं."

"मग त्यांची छाती तपासल्याशिवाय आजार आहे का नाही ते लिहिणार कसं?"

राजेश्वरीनं लालासाहेबांकडं बघितलं. लालासाहेब चहाच्या कपात बघत होते. "बरोबर आहे ताईंचं," राजेश्वरी म्हणाली. "आपण तपासणी करू. मी पुण्याहून मंजुरी आणते."

आणि तिनं ती खरंच आणली. इतक्या वर्षांत जे झालं नाही, ते एका बैठकीत झालं. त्या संध्याकाळी गुणमालाबाई जेवताना नवऱ्याला सगळं सांगत होत्या. त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा झाला होता. धरणेंद्र ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं की. पण तपासून काही निघालं तर पुढं काय, ते विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी लालासाहेबांना गाठलं. "साहेब, एक्स-रेमध्ये कुणाचं काही निघालं तर कुणाचं काम जाणार नाही ना?"

"सिस्टर! अहो, आपण काय कसाई आहोत का? उलट औषधपाणी करू. हलकं काम देऊ. कंपनीचं नाव होणार आहे यात."

एक्स-रेची गाडी गेटाजवळ येऊन उभी राहिली. कायमचे कामगार रांगेत आले, फोटो काढून गेले. फेटलिंगमधून कुणीही आलं नाही. निरोप गेला, ठेकेदाराचा माणूस जाऊन ओरडला, तरी नाही. शेवटी गुणमालाबाई स्वतः शेडमध्ये गेल्या. त्यांना बघून ग्राइंडर बंद झाले.

"काय धुळा? फुकट फोटो काढतायत तर का येईना झालाय?"

धुळानं गमछा खाली केला. "आवं बाई, फोटू काढला की गडी घरला जातोय. मागं एका कारखान्यात असंच झालंतं. ज्येची छाती खराब, त्येला म्हनले उद्यापास्नं येऊ नगंस. आमचा खोकला आमाला म्हाईत हाय. फोटू कशाला पायजे?"

"इथं तसं होणार नाही. मी साहेबांना विचारून आलेय."

"सायेब म्हनला?"

"साहेब म्हणाले. आणि त्यांचं जाऊ द्या, मी सांगते. माझा शब्द आहे."

बिरदेव धुळाकडं बघत होता, जोतिबा जमिनीकडं. धुळानं हात पाटलोणीला पुसले. "बाईनं आजवर आपल्याला खोटं औषद दिलं न्हाई. चला रं."

पहिला फोटो त्यानं स्वतःचा काढून घेतला. कंपनीचा फोटोग्राफर हजर होता. त्यानं धुळाला नवं पिवळं हेल्मेट घालायला दिलं, गाडीच्या पायरीवर उभं केलं आणि हसायला सांगितलं. धुळा हसला. त्याच्यामागं सगळी शेड आली.

घरी हे कळल्यावर धरणेंद्र जरा चिडलेच. "शब्द कशाला देत बसलीस? ज्याच्या हातात काही असतं त्यानं द्यावा शब्द. तुझ्या हातात काय आहे, खोकल्याची बाटली?"

"अहो, मी बोलले नसते तर आले नसते ते."

"तेच म्हणतोय मी."

निकाल आले. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी फोटो एकेक करून उजेडावर धरले. फेटलिंगमधल्या नऊ जणांच्या छातीत ठिपके होते. काहींच्या थोडे, काहींच्या दोन्ही फुप्फुसांत भरून. धुळाचा फोटो त्यांनी परत एकदा उजेडावर धरला. मग म्हणाले, "वाळूचं आहे हे. सिलिकोसिस. आता यातलं काही परत येणार नाही सिस्टर. धुळीतून बाहेर काढलं तर वाढणं जरा मंदावेल, इतकंच." कागदावर मात्र त्यांनी 'संशयित, पुढील तपासण्या आवश्यक' असं लिहिलं. हा आजार निघाला तर सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं. संशयित म्हटलं की घाई नसते.

गुणमालाबाईंनी ते कागद राजेश्वरीला दिले. तिनं वाचले आणि खुर्चीत मागं टेकली. "ताई, हे मी जसंच्या तसं वर पाठवणार," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिनं पाठवलंही.

नंतर महिना-दीड महिना काहीच झालं नाही. हलकं काम मिळालं नाही, नवे मास्कही आले नाहीत. गुणमालाबाई विचारायच्या, लालासाहेब सांगायचे, "वर चाललंय." नऊ जण रोज त्याच शेडमध्ये जात राहिले. धुळा भेटला की विचारायचा, "बाई, माझा फोटू कसा आला?" बाई म्हणायच्या, "सांगतात, सांगतात." त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. आधी त्याच्या हलक्या कामाचं ठरू दे, मग सांगू, असं त्या म्हणत राहिल्या.

मार्च संपायच्या आधी, एका सकाळी, गुणमालाबाई कामावर आल्या तर गेटाशी गर्दी. ठेक्यावरचे लोक अंगठ्याच्या मशीनवर अंगठा लावून आत जात होते. धुळाचा अंगठा मशीन घेत नव्हतं. तो अंगठा पाटलोणीला पुसायचा, परत लावायचा. लाल दिवा. थुंकी लावून बघितली. लाल दिवा. वाळूनं बोटांच्या रेघा झिजल्यात म्हणून असेल, असं वॉचमन म्हणाला. मग बिरदेवचाही घेईना. मग जोतिबाचा. एकेक करून नऊच्या नऊ बाजूला उभे राहिले, तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

ठेका संपला होता. नवा ठेका नव्या नावानं निघाला होता. ठेकेदार तोच होता, फक्त यावेळी पाटी त्याच्या मेव्हण्याच्या नावावर होती. जुनी माणसं नव्या नावाखाली परत घेतली होती, ही नऊ सोडून.

धुळानं गुणमालाबाईंना बघितलं. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "बाई, तुमी म्हनला हुता."

त्या तडक लालासाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लोटून आत.

"साहेब, हे काय केलं?"

"काय केलं सिस्टर? बसा, पाणी घ्या."

"नऊ माणसं काढली तुम्ही."

"आपण कुणाला काढलं? आपल्याकडं ती कामालाच नव्हती. ठेकेदाराची माणसं. त्याचा ठेका संपला. नव्या माणसानं कुणाला घ्यायचं ते त्याचं तो बघंल."

"बरोबर त्याच नऊ जणांना कसं नको म्हणाला तो? त्याला कुणी सांगितलं?"

लालासाहेबांचा गोडवा क्षणभर गेला. "सिस्टर, तुम्हीच मोजा म्हणालात. आम्ही मोजत नव्हतो तेव्हा ती माणसं कामावर होती, पोटाला खात होती. मोजायला कुणी लावलं? आता वरून विचारतायत, मार्चअखेर कामावर किती आजारी. काय लिहू मी?"

पुढं कितीतरी महिने अंघोळ करताना, भाकरी थापताना गुणमालाबाई या बोलण्याला उत्तर देत राहिल्या. त्या दिवशी केबिनमधून मात्र त्या नुसत्या मागं फिरल्या.

राजेश्वरीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, मी लिहिलं होतं. नऊ लिहिलं होतं. वर प्रश्न आला की आजार आपल्याच कारखान्यात झाला हे कशावरून. डॉक्टरांनीही संशयित लिहिलंय. आणि आता ते लोक कामगारांच्या यादीतच नाहीत. नियमाप्रमाणं आकडा..."

"किती?"

"शून्य जाणार, ताई."

"आणि तुम्ही सही करणार?"

"माझी सही नसते त्यावर," राजेश्वरी म्हणाली. उन्हाळ्यात तिनं ती नोकरी सोडली, असं नंतर कळलं. दुसऱ्या कंपनीत हेच काम मिळालं, पगार जास्त.

गुणमालाबाईंनी त्या नऊ जणांना सोडलं नाही, एवढं मात्र खरं. रजा टाकून त्या त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं फोटो बघून क्षयाची औषधं सुरू केली. थुंकीत क्षय नव्हता, तरी केली. बाईंनी सांगून बघितलं, तर तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, असे फोटो आले की आम्ही आधी हेच देतो." औषधांनी जोतिबाला कावीळ झाली. मग सरकारी कचेरीत गेल्या. तिथं साहेबांनी विचारलं, या माणसानं त्या कारखान्यात काम केल्याचा पुरावा काय? धुळाच्या गेल्या काही वर्षांच्या पगाराच्या पावत्यांवर दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदललं होतं, आणि फौंड्रीचं नाव एकाही पावतीवर नव्हतं. अर्ज घेतला. पोच दिली. चौकशी होईल म्हणाले.

माणसं तेवढ्यानं थकली. बिरदेव एकदा म्हणालाच, "बाई, तुमच्यासंगं फिरायचं म्हंजे रोजचा रोजगार बुडतोय. आता जिथं मिळंल तिथं घुसू द्या आमाला." तो कुपवाडच्या बाजूला एका दगडाच्या क्रशरवर लागला. म्हणजे परत धुळीतच. हळूहळू एकेक जण यायचा बंद झाला. धुळा आटपाडीला परत गेला.

पावसाळ्यात अहवाल छापून आला. गुळगुळीत जाड कागद, हिरवी पानं, झाडांची चित्रं. एक प्रत सिस्टरच्या खोलीतही आली. ठेका कामगारांच्या आरोग्यावर एक आख्खं पान होतं आणि त्यावर पानभर धुळाचा फोटो. पिवळं हेल्मेट, एक्स-रेच्या गाडीची पायरी, हसतोय. खाली लिहिलं होतं, सर्व ठेका कामगारांची आरोग्य तपासणी पूर्ण. आणि कोष्टकात, कामामुळं आजारी: शून्य.

बाईंनी ते पान बघितलं आणि टेबलावर पुस्तक पालथं घातलं. मग दिवसभर त्या पट्ट्या बांधत राहिल्या.

हिवाळ्यात कंपनीचा वार्षिक मेळावा महाबळेश्वरला एका हॉटेलात होता. आरोग्याच्या उपक्रमाला कंपनीत पहिलं बक्षीस लागलं होतं आणि ते घ्यायला गुणमाला सिस्टरना बोलावलं होतं. त्या नाही म्हणणार होत्या. धरणेंद्रच म्हणाले, "जा. माईक देतील हातात. आता तरी बोल."

हॉटेलच्या हॉलमध्ये पुण्याची, मुंबईची माणसं होती. काचेच्या पेल्यांत स्ट्रॉबेरी आणि साय. खिडकीबाहेर धुकं. निवेदिकेनं नाव पुकारलं, बाई व्यासपीठावर गेल्या, काचेचं एक मानचिन्ह हातात आलं. "दोन शब्द बोला ना, सिस्टर."

बाईंनी येताना गाडीत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. समोर पांढरे दिवे होते. त्यांनी माईक धरला आणि म्हणाल्या, "धुळा हाके. बिरदेव कोळेकर. जोतिबा मोटे."

मग थांबून पुढचं नाव घेतलं. मग त्याच्या पुढचं. "ही नऊ माणसं," त्या म्हणाल्या, "ही आपल्या फेटलिंगमधली. यांनी आधी तपासून घेतलं. माझ्या शब्दावर. यांच्यामुळं..."

पहिल्या रांगेतून टाळी वाजली. लालासाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचा चेहरा घामेजला होता. त्यांचं बघून शेजारचे उठले, मग मागची रांग, मग सगळा हॉल. लोकांना वाटलं, कामगारांचे आभार मानतायत. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. टाळ्या थांबेपर्यंत निवेदिकेनं हसत हसत माईक आपल्याकडं घेतला होता आणि "किती विनम्र!" म्हणून पुढचं नाव पुकारलं होतं. गुणमालाबाई अजून काही तरी बोलत होत्या, पण ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही.

त्यांना कुणी कामावरून काढलं नाही. नंतर फक्त एवढं झालं की, वैद्यकीय कक्ष एका बाहेरच्या एजन्सीकडं दिला. सिस्टरनी स्टोअरमध्ये बसून हातमोजे आणि मास्क वाटायचे. बाईंनी तिथं दोन दिवस काढले आणि राजीनामा दिला. गेटावर निरोपाला कुणी आलं नाही. फेटलिंगची माणसं तर त्यांना बघून आधीपासूनच वाट बदलत होती. नवी माणसंसुद्धा. 'फोटोवाली बाई' म्हणून त्यांचं नाव झालं होतं.

उन्हाळ्यात धुळा गेला. बातमी उशिरा कळली. गुणमालाबाई एकट्या एसटीनं आटपाडीला गेल्या, तिथून वडापच्या जीपनं वाडीवर. कोरडा माळ, बाभळी, पत्र्याचं घर. दारात धुळाची बायको धोंडुबाई शेळीला पाला घालत होती. तिनं बाईंना ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आतून तांब्या आणून पुढं ठेवला.

"शेवटाला बसूनच झोपायचा," ती म्हणाली. "आडवा झाला की दम न्हाई. एवढा मोटा गडी, पोरासारखा हलका झालता. ते मशीन आनलंतं वाऱ्याचं, भाड्यानं. लाईट गेली की बंद पडायचं. तसाच गेला एकदा लाईट गेल्यावर."

"मी आधी यायला पाहिजे होतं."

"येऊन काय करनार हुता?" धोंडुबाईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आमी तुमाला शिव्या दिल्या न्हाईत बाई. त्यो म्हनायचा, बाईलाबी फसिवलं आसंल. मी म्हनायची, फसली आसंल, पर पगार चालू हाय न्हवं तिचा?"

गुणमालाबाईंनी मान खाली घातली. राजीनामा दिलाय हे सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. घरात माणूस दिसत नव्हता म्हणून त्यांनी विचारलं, "अर्जुना कुठं असतो?" अर्जुना म्हणजे धुळाचा थोरला. लग्न झालेला.

"सांगलीला. कामाला लागलाय."

"कुठं?"

"तितंच. बापाच्या जाग्यावर. आता फोटू काढूनच घेत्यात म्हनं. आर्जुनाची छाती साफ निघाली, लगीच घेतला." मग ती म्हणाली, "फेटलिंगलाच. दुसरं येतंय काय त्येला?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "त्याला तिथून काढा. काहीही करून काढा."

धोंडुबाईनं पाल्याची काडी मोडली. "काडते. मग खायाला काय घालू? तुमी सांगा. मागं तुमी सांगिटल्यालं आमी आयकलं हुतं."

परत येताना एसटीत गुणमालाबाईंना खिडकीशी जागा मिळाली. घरी आल्यावर धरणेंद्रनी ताट वाढून ठेवलं होतं, पण सूर्य मावळला होता. त्या तशाच झोपल्या.

दोन-चार दिवसांनी त्या फौंड्रीच्या गेटाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पाळी सुटली. माणसं बाहेर पडू लागली. अर्जुना बापासारखाच उंच, त्यामुळं लांबूनच ओळखू आला. भुवयांवर, पापण्यांवर राखाडी धूळ. बाईंनी पिशवीतून आणलेला मास्क बाहेर काढला. कागदी नव्हे, चांगला, जाड, बदलायच्या गाळण्या असलेला. स्वतः बाजारातून घेतला होता.

"अर्जुना, हा घे. हा लावल्याशिवाय ग्राइंडर हातात धरू नको. आणि खोकला सुरू झाला की लगेच..."

अर्जुनानं आधी गेटाकडं बघितलं. तिथं ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर बसून सुपारी खात होता. अर्जुना मास्क न घेता बाजूनं पुढं गेला. जाता जाता तोंड न वळवता म्हणाला, "बाई, माझ्याशी बोलू नका हितं. कुनी बघितलं तर उद्या आंगठा घ्यायचा न्हाई."

मग तो मित्राच्या गाडीवर मागं बसला आणि मिरजेच्या दिशेनं निघून गेला. चहावाल्यानं विचारलं, "सिस्टर, चहा देऊ का?" त्या नको म्हणाल्या. ठेकेदाराचा माणूस आता त्यांच्याकडंच बघत होता. त्यांनी मास्क पिशवीत घातला आणि दुसरं कुणी ओळखीचं त्यांच्याजवळ येण्याआधी तिथून चालू पडल्या.